सुई, इंजेक्शन, लस, सलाईन: तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

मी सिस्टर आहे. लसीकरणाच्या टेबलावर बरीच वर्षं बसलेय, वॉर्डही केलाय, आणि नात्यातले, सोसायटीतले, नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे मलाच विचारतात, त्यामुळे आता एकदाच लिहून ठेवतेय. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, त्यांनी तुम्हाला बघितलंय, मी नाही.

१. सुई, इंजेक्शन, लस, डोस हे सगळं एकच ना?

बोलताना एकच, कामाला वेगळं. सुई म्हणजे ती टोकाची वस्तू, पण "डॉक्टरांनी सुई दिली" म्हणजे इंजेक्शनच. लस म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीच देतात ते औषध, आणि ती सुईनेच देतात असं नाही, पोलिओचे थेंब तोंडात पडतात तीही लसच. "डोस" हा शब्द गावाकडे लसीसाठी सर्रास चालतो, "बाळाचा डोस राहिलाय". आता गंमत अशी की "इंजेक्शन झालं का?" विचारलं की आया हो म्हणतात, आणि तापाचं इंजेक्शन झालेलं असतं, लस नसतेच झालेली. म्हणून मी कार्ड मागते. तोंडी हो-नाहीवर जाऊ नका.

प्रत्येक इंजेक्शनला लोकांनी आपापली नावं पाडलीत: धनुर्वाताचं, गोवराचं, काविळीचं, त्रिगुणीचं. आणि "कुत्र्याचं इंजेक्शन", जे कुत्र्याला नाही, तुम्हाला देतात.

२. इंजेक्शन "देतात", "मारतात", "टोचतात" की "लावतात"? बरोबर काय?

सगळंच बरोबर, फक्त कोण बोलतंय ते कळतं. डॉक्टर देतात, पेशंट घेतो, मित्रमंडळींत "एक इंजेक्शन मारून आलो" किंवा "ठोकून आलो". लस मात्र टोचतात आणि आपण ती टोचून घेतो. सलाईन लावतात किंवा चढवतात. हिंदीच्या वळणाचं "सुई लावली" पण ऐकू येतं, विदर्भाकडच्या पेशंटकडून जास्त. रक्त मात्र काढतात, "रक्त दिलं" म्हणालात तर ते रक्तदान, लॅबमध्ये बाटलीभर दिलं की काय असं वाटतं ऐकणाऱ्याला.

टोचणं हा शब्द आपल्याकडे इंजेक्शनच्या आधीपासून आहे, कान टोचतात ना. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, म्हणजे ज्याचं काम त्यानेच करावं, आणि इंजेक्शनलाही ते तंतोतंत लागू आहे, शेजारचा कंपाउंडर होता म्हणून त्याच्याकडून घेऊ नका.

३. "कमरेत इंजेक्शन" म्हणजे नक्की कुठे? मला वाटलं मणक्यात!

हा घोळ रोजचा आहे. आपल्याकडे कुल्ला हा शब्द चारचौघांत कोणी उच्चारत नाही, म्हणून सगळे "कमरेत" म्हणतात. डॉक्टर "कमरेत घ्याल का?" म्हणाले की अर्थ कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, खिसा असतो त्याच्याही वर. तिथेच का, तर मधून आणि खालून पायाची मोठी नस (मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे) जाते, तिला सुई लागू नये म्हणून. आणि सिझेरियनच्या वेळी भूल द्यायला पाठीच्या मणक्यात देतात त्यालाही लोक "कमरेतलं इंजेक्शन" म्हणतात! दोन्ही पूर्ण वेगळी. एका आजोबांनी साध्या दुखण्याच्या इंजेक्शनला केवळ या शब्दापायी नाही म्हटलं होतं, वीस मिनिटं समजावलं तेव्हा पालथे झाले. शंका असेल तर सरळ बोट ठेवून विचारा, "इथे का?" (मणक्यातल्याबद्दल प्रश्न १५.)

४. खरंच मुंगी चावल्यासारखंच वाटतं का?

एका पाचेक वर्षांच्या मुलाला मी हेच सांगितलं, तर त्याने हात मागे घेतला आणि विचारलं, "लाल का काळी?" त्यानंतर मी हे वाक्य जरा जपूनच वापरते, कारण काही इंजेक्शनं काळी मुंगी असतात, काही लाल, आणि एखादं सरळ मुंगळा.

पण मोठ्यांसाठी जास्त कामाची गोष्ट सांगते. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत आणि आपण सगळे नुसतं "दुखतंय" म्हणून मोकळे होतो. सिस्टरला नेमका शब्द दिलात तर तिला अर्धं कळतं. सुई जाताना टोचतं, ते क्षणभर, त्यात काही विशेष नाही. स्पिरिट न वाळता सुई घातली की झोंबतं, म्हणून दहा-पंधरा सेकंद वाळू द्यायला सांगा. औषध आत जाताना चुरचुरतं किंवा थोडी आग होते, काही औषधांचा तो स्वभावच. दुसऱ्या दिवशी दंड ठणकतो, जड पडतो, हात लावला तर हुळहुळतो, तेही चालतं, दोन-तीन दिवसांत जातं.

आता लक्ष देऊन वाचा. सुई आत असताना चमक निघाली, करंट लागल्यासारखं झालं, बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या, तर ते सहन करायचं नाही, तिथल्या तिथे "थांबा, करंट लागला" असं मोठ्याने म्हणा, सुई नसेच्या जवळ गेलेली असू शकते. सलाईन चालू असताना हात भगभगतोय, फुगतोय, गार पडलाय, तर औषध शिरेबाहेर जात असेल. आणि तीन-चार दिवसांनी जागा ठसठसायला लागली, लाल आणि गरम झाली, तर पू होतोय का ते दाखवा. "दुखतंय" एवढंच म्हणालात तर यातलं काहीच आम्हाला कळत नाही.

५. तीच सिस्टर, तोच दंड, मग काही इंजेक्शनं इतकी का दुखतात?

सुईपेक्षा औषधामुळे. पेनिसिलीनचं एक दाट प्रकारचं इंजेक्शन असतं, संधिवाताच्या तापानंतर हृदयाच्या झडपा जपायला दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते घेणारी पोरं हॉस्पिटलचं गेट दिसलं की रडतात आणि मला त्यांचा राग येत नाही. औषध दाट, त्यामुळे सुईही जाड लागते. फ्रिजमधून काढून लगेच दिलं तरी जास्त दुखतं. कातडीच्या अगदी वरच्या थरात देतात ते, औषध थेंबभर असूनही, चांगलंच चरचरतं. आणि दंड आवळून धरला तर कुठलंही इंजेक्शन जास्तच दुखणार, हात मांडीवर ठेवून खांदा सैल सोडा.

६. सुईचे नंबर असतात म्हणे, बारीक मागता येते का?

नंबर असतात आणि उलटे असतात, आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. इन्सुलिनच्या पेनची ३१ किंवा ३२ नंबरची, केसासारखी. दंडातल्या लसीला २३ ते २५. रक्त काढायला साधारण २१ ते २३. रक्तदानाला १६, तीच ती जाड, बारीक घेतली तर रक्त हळू येतं आणि रक्तपेशी फुटायची भीती असते. मागायला काही हरकत नाही, पण औषध दाट असेल तर बारीक सुईतून ते जाणारच नाही, सिस्टर नाही म्हणाली तर तिचा दुष्टपणा नाही तो.

७. मुलाला आधी सांगू की नको? "दुखणार नाही" म्हटलं तर चालेल ना?

सांगा, पण खोटं नको. एकदा "दुखणार नाही" म्हणालात आणि दुखलं की पुढच्या वेळी तुम्ही आणि आम्ही दोघीही खोटारड्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेळचं दुखणं कमी कसं करायचं यावर सूचना काढल्या, त्यातही हेच आहे, साधे शब्द वापरा, फसवं आश्वासन देऊ नका. "आता टोचेल हं" पेक्षा "चल, आता देते" बरं, कारण मूल "टोचेल" एवढंच ऐकतं. मांडीवर ताठ बसवा, आडवं करून दाबून धरू नका. गाणं, मोबाईल, फुंकर, काहीही चालेल.

आणि हात जोडून सांगते, "जेवला नाहीस तर सिस्टर सुई देतील" हे बंद करा. वर्षभर तुम्ही मला बागुलबुवा करता आणि मग माझ्याकडे आणून म्हणता, बघा ना किती घाबरतो.

८. दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया? जास्त नाही होत?

सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याला डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस, डांग्या खोकला त्यातलाच एक), उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडात पोलिओची छोटी सुई, शिवाय तोंडातले थेंब. अडीच महिन्याला एकच सुई, साडेतीनला परत तीन. बाळाला त्याचा भार होत नाही, वेगवेगळ्या दिवशी आणलंत तर उलट तीनदा रडेल. अंगावर पाजत असतानाच सुया घेतल्या तर बाळ कमी रडतं, हे मी रोज बघते, टेबलावर आमची घाई असली तरी "मी पाजते, थांबा" असं बिनधास्त म्हणा.

पेंटानंतर ताप आणि मांडीला गाठ हे ठरलेलं. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल, गाठीवर गार पाण्याची घडी. चोळायचं नाही. हळद, चुना, तूप काही लावायचं नाही.

९. प्रायव्हेटमध्ये याच डांग्या खोकल्याच्या एकत्र लसीला "पेनलेस घ्यायचं की साधं" विचारतात, काय घेऊ?

नावाला भुलू नका, सुई तीच आणि टोचणारच. फरक डांग्या खोकल्याच्या भागात आहे. साध्या लसीत त्या जंतूची पूर्ण मेलेली पेशी असते, "पेनलेस" मध्ये त्याचे ठरावीक तुकडे, म्हणून ताप आणि सूज कमी. किंमत मात्र चांगलीच जास्त, आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण साध्या लसीचं जास्त टिकतं असं दिसून आलंय. माझं मत विचाराल तर साधं घ्या, एक रात्र जागा. आधी त्याच लसीने बाळाला झटके वगैरे आले असतील तर गोष्ट वेगळी, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

१०. बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) जागी पंधरा-वीस दिवसांनी फोड आला, पिकला. चूक झाली का?

नाही, लस काम करतेय. डाव्या दंडावर आधी पुटकुळी, मग ती फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत वण राहतो. काही लावू नका, दाबू नका, आंघोळ घाला. वण उठला नाही म्हणून परत द्यायची गरज नसते. काखेत गाठ वाढत असेल तर मात्र दाखवा.

११. आईच्या दंडावर मोठे गोल वण आहेत, माझ्या नाहीत. ते कसले?

देवी रोगाच्या (स्मॉलपॉक्सच्या) लसीचे. जुनी माणसं "देवी काढल्या" म्हणतात, तेच टोचणं. आताच्यासारखी एक सुई नसायची, कातडी टोकरायचे किंवा दोन टोकांच्या सुईने एकाच जागी पंधरा वेळा पटापट टोचायचे, म्हणून ती खूण एवढी मोठी. भारतात देवीची पहिली लस मुंबईतच टोचली गेली, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि पुढे ते टोचणं थांबलं, म्हणून १९८० नंतरच्या माणसाच्या दंडावर सहसा फक्त बीसीजीचा छोटा वण दिसतो. माझी सासू अजून बाही वर करून दाखवते आणि म्हणते, तुम्ही काय एका सुईला रडता.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर, प्लेगची लस काढणारे हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्यांनाही ताप आला, टोचलेली जागा दुखली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. तेव्हा लसीनंतर एक दिवस अंग मोडून आलं तर तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

१२. कुत्रा चावला तर पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात ना?

नाही हो! ती जुनी लस होती, भारतात ती २००५ च्या आसपास बंद झाली, पण भीती अजून चालूच आहे आणि त्या भीतीने लोक दवाखान्यात येतच नाहीत, ते खरं घातक. आता दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. मोठ्या डोसची पद्धत असेल तर चावल्यावर पहिली सुई आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत द्यायची पद्धत असेल तर चार फेऱ्या, दर फेरीला दोन्ही दंडांत थेंब थेंब. कुल्ल्यावर ही लस कधीच द्यायची नाही, तिथे चरबीत ती नीट काम करत नाही. रक्त निघालं असेल तर जखमेतच वेगळं औषध भरतात, ते दुखतं, खोटं सांगणार नाही, पण ते चुकवू नका. आणि सगळ्यात आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मिरची, चुना, हळद नाही.

१३. सुई बघितली की मला चक्कर येते, लोक हसतात.

हसू देत, हे शरीराचं काम आहे, तुमच्या धीराचं नाही. काही जणांचं सुई किंवा रक्त बघून आधी बीपी आणि ठोके चढतात आणि मग एकदम खाली येतात, डोळ्यापुढे अंधारी, घाम, धप्प. चांगले सहा फुटी गडी पडलेत माझ्यासमोर, बाळंतिणी नाही पडत. आधी सांगा आणि आडवे होऊन घ्या, पाय थोडे वर. दुसरी युक्ती, पायाचे, पोटाचे आणि दुसऱ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद करकचून आवळा, मग अर्धा मिनिट सोडा, असं चार-पाच वेळा, त्याने बीपी खाली पडत नाही. ज्या दंडात घ्यायचंय तो मात्र सैल (प्रश्न ५). उपाशी येऊ नका, आणि झाल्यावर पंधरा मिनिटं बसा, लगेच गाडीला किक मारू नका.

१४. शीर सापडत नाही म्हणून चार-चार वेळा टोचतात. आणि सलाईनची सुई दिवसभर हातात असते तर हात हलवू का?

दोन प्रश्न आहेत, एकत्रच घेते. उपाशीपोटी टेस्ट असली तरी साधं पाणी चालतं, भरपूर पिऊन या, शीर वर येते. हात खाली सोडून बसा, थंडीत तळहात गरम करा. मूठ एकदा आवळा, पंपासारखी उघडझाप करत बसू नका, त्याने पोटॅशियमचा आकडा चुकीचा वाढून येतो. आधी कुठल्या हाताला चांगली मिळाली होती ते सांगा. दोनदा चुकलं तर "दुसऱ्या कोणाला बोलवाल का" म्हणणं हा उद्धटपणा नाही, आम्ही आपसातही तेच करतो. डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशन करून शीर जोडलेली जागा) असलेल्या हाताला मात्र कोणालाच टोचू द्यायचं नाही, बीपीही घेऊ द्यायचं नाही.

रक्त काढून झाल्यावर कोपर दुमडू नका, हात सरळ ठेवून बोळा दोन-तीन मिनिटं दाबा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाच. नाहीतर काळंनिळं होतं.

आता सलाईन. सुई हातात राहतच नाही! आत जाते ती मऊ प्लास्टिकची नळी, सुई तिच्यातून लगेच बाहेर काढून टाकलेली असते. गुलाबी टोपी २० नंबरची, निळी २२, लहान बाळांना पिवळी २४. त्यामुळे हात हलवा, जेवा, फक्त मनगट सारखं मोडू नका. पट्टी बोचत असेल तर बदलून मागा. भगभगलं तर प्रश्न ४.

आणि "सलाईन लावली की ताकद येते" म्हणणाऱ्यांसाठी, पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच-सहा चमचे. खाता-पिता येत असेल तर वरणभात खा.

१५. सिझेरियनला मणक्यात दिलं होतं, म्हणूनच आता कंबर दुखते ना?

बहुतेक नाही. टोचलेली जागा थोडे दिवस हुळहुळते, पण वर्षानुवर्षं कंबर दुखायला गरोदरपण, वाकून पाजणं, पोर कडेवर आणि घरातलं सगळं काम एवढी कारणं पुरेशी असतात, घरचे मात्र इंजेक्शनवर ढकलतात कारण मग कोणालाच हातभार लावावा लागत नाही. एक गोष्ट खरी, नंतरच्या काही दिवसांत बसल्यावर डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर लगेच सांगा, त्याला उपाय आहे.

१६. "तापात सुई दिली आणि पाय गेला" असं गावात ऐकलंय, खरं असतं का?

त्यात तथ्य होतं. पोलिओचा विषाणू आधीच अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच पायाला लुळेपणा यायचा धोका वाढायचा. दुसरं कारण, चुकीच्या जागी देऊन मोठ्या नसेला इजा (प्रश्न ३). पहिलं आता राहिलं नाही, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. दुसरं टाळता येतं, म्हणूनच लहान बाळाला कुल्ल्यावर नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. आणि साध्या सर्दीतापाला "डॉक्टर, एक सुई द्याच" असा हट्ट धरू नका, गोळीने भागतं.

१७. पाळीत लस चालते का? आंघोळ? वांगं, चिकन?

चालते. करा. खा.

१८. बाबांना इन्सुलिन सुरू झालंय, पोटावर घ्यायला घाबरतात. आणि वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

पोटावर चरबी असते म्हणून तिथे सगळ्यात कमी दुखतं, पेनची सुई चार मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. पहिल्यांदा तुम्ही त्यांच्यासमोर नुसती सुई स्वतःला टोचून दाखवा (नवी, आणि नंतर फेकून द्या), माझ्या अनुभवात याने जेवढा फरक पडतो तेवढा बोलण्याने नाही. चालू पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, गार इन्सुलिन जास्त झोंबतं. बटण दाबून दहा आकडे मोजून मगच सुई काढा. जागा रोज दोन बोटं सरकवा, एकाच ठिकाणी घेतलं की तिथे गाठ धरते, मग दुखत नाही म्हणून बाबा तिथेच घेत राहतात आणि साखर वर जाते, कारण गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. सुई परत परत वापरली की टोक बोथट होतं, मग टोचतं कसलं, खुपतं.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत नको. आमच्या गल्लीत कचरा नेणाऱ्या मावशींच्या बोटात अशीच एक घुसली होती, रक्ततपासण्या आणि रिपोर्टची वाट बघण्यात त्यांचे दिवस गेले आणि कोणाच्या घरची सुई ते शेवटपर्यंत कळलं नाही. फिनेलची किंवा लिक्विड साबणाची जाड रिकामी बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण लावून वर चिकटपट्टी, मार्करने मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारून तिथे द्या.